जोडसायकलीवरचा खोटा हां

जोडसायकलीवर जो पुढं बसतो त्याला रस्ता दिसतो आणि जो मागं बसतो त्याला पुढच्याची पाठ. आमच्या ह्यांना तर पाठही दिसत नव्हती. तरी नऊ महिने हे माझ्या मागं बसून मोशीच्या रस्त्यांवरून हिंडले, ट्रकच्या शेजारून, डंपरच्या शेजारून, आणि मी "डावीकडं" म्हटलं की ह्यांचं अंग माझ्या आधी डावीकडं झुकायचं. माझ्या शब्दाला इतकं कुणी कधी मानलं नव्हतं. त्या शब्दाचं मी काय केलं, ते सांगायला बसले आहे.

आधी ह्यांच्या कामाचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. हे सव्वीस वर्षं प्रेसवर होते. भोसरीच्या पुढं, मोठ्या रस्त्याला लागून कंपनी होती. प्रेस म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणारं मशीन, चांगलं घराएवढं उंच. त्यावर दोन माणसं लागायची, एक पुढून, एक मागून. पुढचा पत्रा ठेवायचा, मागचा झालेला माल ओढून घ्यायचा. मधे मशीन, त्यामुळं दोघांना एकमेकांची तोंडं दिसायची नाहीत. दोघांपुढं दोन दोन बटणं. चारही एकदम दाबली तरच प्रेस खाली यायची. पण बटणाआधी तोंडानं "हां" म्हणायचं. आपले हात बाहेर आले की मोठ्यानं हां. दोन्हीकडून हां आला की मग दाबायचं.

"बटणाचं काय, बटण बिघडतं," हे जेवताना सांगायचे. "आपुन माणसाच्या हांवर जगतो."

ह्यांची दहाही बोटं शाबूत राहिली. त्याचं श्रेय हे मशीनला द्यायचे नाहीत, पलीकडच्या माणसाला द्यायचे. तो माणूस म्हणजे ह्यांचा जोडीदार. सगळी वर्षं मागच्या बाजूला तोच. मला वहिनी म्हणतो, ह्यांना राव.

एकदा जोडीदार रजेवर होता आणि त्याच्या जागी एक नवा माणूस दिला. त्यानं घाईत, एक हात आत असतानाच हां म्हटला. काही झालं नाही, ह्यांनी बटण दाबायच्या आत त्याचा हात बाहेर आला होता. तरी हे सुपरवायझरकडं गेले आणि म्हणाले, ह्याच्यासंगं मी उभा राहणार नाही. मी म्हटलं, "अहो, लागलं तर नाही ना त्याला? मग कशापायी एवढं?" हे म्हणाले, "आता त्यानं खरा हां दिला तरी माझा हात दबकणार. दबकल्या हातानं काम हुत न्हाई." मी भाकऱ्या थापत होते. ऐकलं आणि सोडून दिलं.

रिटायर झाल्यावर दुसऱ्या वर्षी ह्यांच्या डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. आम्ही आपलं समजत होतो की चष्म्याचा नंबर वाढलाय. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, उरलेलं टिकतं का बघू. तेही टिकलं नाही. दिवाळीला पणतीचा पिवळा ठिपका दिसत होता, होळीला तोही दिसेना. कंपनीची बस आली, घरोघर मोटारसायकली आल्या, तरी ज्या माणसानं आपली काळी सायकल सोडली नाही, तो माणूस भिंतीकडं तोंड करून बसून राहिला. ताटात चाचपडायची लाज वाटायची, म्हणून जेवायचेच नाहीत. मी घास करून पुढं धरला तर ताट सरकवलं. "मी काय कुकुलं बाळ हाय व्हय?" अंगावरचे सदरे लोंबायला लागले. लेक सासरहून फोन करायची आणि मी तिला खोटंच सांगायची, बरे आहेत म्हणून. खोट्याची सवय मला तिथूनच लागली असेल.

जोडीदारानं रिटायर झाल्यावर कंपनीच्या मागच्या गल्लीत छोटासा गाळा घेऊन एक जुनी प्रेस टाकली होती. तो एक दिवस आला आणि दारातूनच म्हणाला, "राव, तुझी सायकल गंजून चाललीय. मला दे."

"घिऊन जा."

"एकटी न्हाई नेत. तू बी चल संगं."

नेलं त्यानं. आपल्या गाळ्याबाहेरच्या ओट्यावर ह्यांची काळी सायकल आणि भंगारातून आणलेली दुसरी, दोन्ही कापून एकाला एक जोडली. वेल्डिंग तो करायचा आणि हे सांध्यावरून हात फिरवून सांगायचे, "हितं वाकडं हाय. काढ." तो शिव्या देत काढायचा. "डोळं गेलं तरी इन्स्पेक्शन सुटंना याचं!" पंधरा दिवस हे रोज तिकडं गेले आणि रोज भुकेले होऊन घरी आले. संक्रांतीला जोडसायकल दारात उभी राहिली. दोन सीट, दोन हँडल, त्यातलं मागचं नुसतं धरायला, आणि पायडलांच्या दोन्ही जोड्या एका चेननं बांधलेल्या. एकाचे पाय थांबले की दुसऱ्याचे थांबणारच.

पुढं कोण बसणार, हे मला कुणी विचारलंच नाही.

मला सायकल येत नव्हती हो. माझं माहेर कुरुळी. आमच्या वेळी मुलीनं सायकलला हात लावला तरी घरातलं माणूस डोळे वटारायचं. साठीला टेकल्यावर मी शिकले, आणि शिकवणाऱ्याला दिसत नव्हतं. इंद्रायणीकडच्या एका मोकळ्या प्लॉटवर आम्ही जायचो. जोडीदार शेजारून पळायचा. मी ओरडायची, "पडले, पडले!" मागून हे म्हणायचे, "अजून न्हाई पडलीस. पडलीस तर मला कळंलच की, मी काय घरी बसलोय?"

ह्यांनी कायदा घालून दिला. "बघायचं तू, बोलायचं तू, हँडल तुझं. जोर माझा." निघताना मी हां म्हणायचं, मागून ह्यांचा हां आला की पाय दाबायचा. "खड्डा" म्हटलं की दोघांनी सीटवरून जरा उठायचं. "सोड" म्हटलं की पाय ढिले. वळताना सगळ्यात अवघड. पुढच्यानं हँडल वळवून भागत नाही, मागच्याचं वजन त्याच बाजूला यावं लागतं. मागचा ताठ बसला तर सायकल सरळच जाते, पुढच्यानं कितीही जीव काढू दे. आणि मागच्यानं स्वतःहून झुकायचं नाही. शब्द आला की झुकायचं.

महिन्याभरात आम्ही रस्त्याला लागलो. लोक बघायचे. सिग्नलला एक मोटारसायकलवाला म्हणाला, "काय काकू, काका मागं झोपलेत की!" हे मागून म्हणाले, "झोपलोय भावा, तरी तुझ्याआधी पोचतोय." आणि खरंच पोचलो. तो ट्रॅफिकमधे अडकला आणि आम्ही कडेकडेनं निघून गेलो. त्या दिवशी ह्यांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

आणि एक गंमत. चेन एक असल्यामुळं तोंडानं न सांगितलेलं पायांतून कळायचं. पुढं काही दिसून मी जरा बिचकले की ह्यांचा आवाज यायचा, "काय दिसलं गं?" ह्यांचा गुडघा धरला असेल तर मला कळायचं, मी गुपचूप जास्त दाबायची. तेही ह्यांना कळायचं. मग हे रागवायचे.

गुरुवारी आम्ही कंपनीकडं जायचो. आमच्याकडच्या कंपन्यांना सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते, त्यामुळं रस्ते मोकळे. कंपनीच्या गेटसमोर सायकल उभी करायची आणि मी सांगायचं. बोर्ड आहे. गेटच्या आत कडुनिंब आहे. वॉचमन "या काका" म्हणायचा आणि त्याच्याशी दोन शब्द झाले की हे खुशीत परत यायचे.

होळीच्या सुमारास जोडीदार मला एकटीला भेटला. "वहिनी, कंपनी बंद पडली. जागा विकली." पुढच्या गुरुवारी गेलो तर गेटला साखळी आणि कुलूप. वॉचमन नाही. हे मागून म्हणाले, "आज 'या काका' न्हाई आलं ते?"

मी म्हटलं, "नवा माणूस दिसतोय. आत बसलाय, मोबाईल बघत."

एवढंच. त्या क्षणी मला खोटं बोलतेय असंही वाटलं नाही. मला ते सरकवलेलं ताट दिसत होतं, आणि ती भिंत. जोडीदाराला मी सांगून टाकलं, ह्यांना कळता कामा नये. बाकीच्या जुन्या कामगारांनाही त्यालाच निरोप द्यायला लावलं. गावात तसंही कंपनीचं कुणाला काय पडलेलं, जो तो जमिनीच्या व्यवहारात. पेपर मीच वाचून दाखवायची.

मग खोटं वाढतच गेलं. बोर्ड उतरवला तरी मी बोर्ड आहे म्हणायची. कडुनिंब कापला, तरी मी "पालवी फुटलीय" म्हटलं. मशीनचा आवाज येत नाही म्हणावं तर गुरुवार, सुट्टीच. पावसाळ्यात तिथं पत्रे ठोकून आत जेसीबी लागले. ते गुरुवार पाळत नव्हते. हे दचकले. "आत काय वाजतंय?"

"नवीन शेड बांधतायत वाटतं."

ह्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, मी पुढं होते. पण पाय कळले. परतीच्या वाटेला सायकल अशी पळाली की मला ब्रेक लावायला लागले. "बग, म्हनत हुतो का न्हाई? कंपनी वाढतीय!" आणि मग हे घरी आल्या-गेल्याला सांगायला लागले, आमची कंपनी वाढतीय, नवी शेड घेतलीय. मी चहा ठेवायला आत जायची.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. कंपन्यांमधे मशीनची पूजा असते, घरच्यांना आत सोडतात, रिटायर माणसांनाही बोलावणं असतं. दोन दिवस आधी हे म्हणाले, "औंदा जायचं. डोळ्यांपायी दोन वर्षं मशीनला हळद-कुंकू लावलं न्हाई मी."

 तेव्हाच सांगायला हवं होतं. शेजारी बसून, हात हातात घेऊन सांगितलं असतं तर हे चार दिवस रुसले असते, आठ दिवस जेवले नसते, पण माझं बोलणं माझं राहिलं असतं. मी ते केलं नाही. मी जोडीदाराच्या गाळ्यावर गेले. त्याच्याकडची प्रेस ह्यांच्या प्रेससारखीच, त्याच बनावटीची. म्हटलं, तुमच्याकडंच पूजा करू. गल्ली मागचीच आहे, ह्यांना वाट वेगळी वाटायची नाही. सायकलीचं काम बाहेर ओट्यावर झालेलं, गाळ्याच्या आत हे कधी शिरले नव्हते.

तो कितीतरी वेळ हातरुमालानं हात पुसत राहिला. "वहिनी, त्याला आन् मला एका मशीननं पोसलंय. हे बरं न्हाई."

"तुम्हाला त्यांची भिंत बघायला लागली नाही, भाऊजी."

त्यानं गाळा धुऊन काढला, झेंडूच्या माळा बांधल्या, मोबाईलवर सनई लावली. कामगारांना गप्प बसायला सांगितलं.

खंडेनवमीला ह्यांनी इस्त्रीचा सदरा घातला. माझ्या खांद्यावर हात ठेवून गाळ्यात शिरले आणि थबकले. "शेड ल्हान केली व्हय? आवाज घुमंना."

"पार्टिशन टाकलंय राव," जोडीदार म्हणाला. त्याचा आवाज फाटल्यासारखा आला.

ह्यांनी मशीनला हळद लावली, कुंकू लावलं. मग तळहात खाली खाली नेला, कंबरेएवढ्या उंचीवर, आणि तिथं फिरवत राहिले. एकदा इकडं, एकदा तिकडं. मग हात काढून घेतला, नारळ फोडला, सगळ्यांना आपल्या हातानं खोबरं दिलं. निघताना जोडीदाराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मशीन चांगलं ठेवलंयस. तेल येळच्या येळी घालत जा."

जोडीदार एकदम तोंड फिरवून बाहेर गेला. मला वाटलं, जुन्या आठवणींनी भरून आलं. मला वाटलं, जमलं. खरंच वाटलं हो.

सायकलवर बसलो. मी हां म्हटलं. मागून काही नाही. पुन्हा म्हटलं, हां. तरी नाही. मीच पाय दाबला. ह्यांचे पाय पायडलांवर नुसते ठेवलेले होते. चेन फिरायची ती ह्यांचे पायही फिरवायची, एवढंच. ते वजन मी घरापर्यंत ओढत आणलं. अर्ध्या वाटेवर मागून आवाज आला, अगदी शांत.

"कंपनी कवा बंद पडली?"

"होळीला," मी म्हटलं.

"आन् शेड?"

"शेड नाही. पाडापाडी चालली होती."

"लिंब?"

"तो आधीच गेला."

रस्त्यावर झेंडूचे ढीग विकायला बसलेले, सगळीकडं गर्दी, आणि मी रडत हँडल धरून. नंतर घरी कळलं. ह्यांच्या मशीनला पुढच्या बाजूनं, कंबरेपाशी, एक जागा गुळगुळीत झाली होती. सव्वीस वर्षं पत्रा ठेवताना हे तिथं टेकायचे. जोडीदार सगळी वर्षं मागच्या बाजूला, त्याला ती जागा ठाऊकच नव्हती. आणि मी तर ती प्रेस वर्षातून एकदा बघायची, हार घातलेली.

हे भांडले नाहीत. जेवण टाकलं नाही. ज्याच्या भीतीनं मी सगळं केलं, त्यातलं काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं गोडधोडही खाल्लं. जोडीदाराला फोन करून "रागावू नगं राव" असं उलट ह्यांनीच सांगितलं. आठ दिवसांनी म्हणाले, "चल, सायकल काढ." मला वाटलं, माफ केलं.

मी हां म्हटलं. मागून हां आला, पण जरा उशिरा. मी "खड्डा" म्हटलं, हे उठले, पण खड्डा गेल्यावर. देहूकडं फाटा फुटतो तिथं मी "उजवीकडं" म्हटलं, हँडल वळवलं, आणि मागं खांब बसवावा तसं ह्यांचं अंग ताठ झालं. सायकल वळलीच नाही. सरळ जाऊन कडेच्या खडीवर गेली आणि आम्ही दोघं आडवे. माझं मनगट मोडलं. ह्यांचं कोपर सोलून निघालं. लोक धावले. हे जमिनीवर बसल्या बसल्या चाचपडत माझ्यापर्यंत आले.

"लागलं का? माझी चूक झाली. तू बोललीस, मला आयकू आलं. पन अंग आयकंना."

"रागावलात ना माझ्यावर?"

"न्हाई गं. रागाचं न्हाई हे." मग म्हणाले, "अंगाला कोण सांगनार?"

तेव्हा मला भाकऱ्या थापताना ऐकलेलं बोलणं आठवलं. त्या नव्या माणसाचं.

प्लॅस्टर निघाल्यावर मी एकदा विचारलं, सायकल काढू का. हे म्हणाले, "ऱ्हाऊ दे." जोडीदार येतो, चेनला तेल घालतो, तिच्यावर ताडपत्री नीट ओढून जातो. हे त्याच्याशी पहिल्यासारखेच बोलतात. माझ्याशीही. पण आता मी पेपर वाचून दाखवला की मधेच विचारतात, "खरं?" चेष्टेत नाही, खोचून नाही. लहान मूल विचारतं तसं. मी म्हणते, खरं. हे मान हलवतात.

मी आता सगळं खरं सांगते. कंपनीच्या जागी खड्डा होता तेही सांगितलं, आता तिथं गोदाम उभं राहिलं तेही सांगितलं. त्याचा रंग निळा आहे, मोठमोठे कंटेनर लागतात, आमच्या गुरुवारीसुद्धा. हे ऐकून घेतात.

संध्याकाळी आम्ही चालत मंदिरापर्यंत जातो. ह्यांचा हात माझ्या खांद्यावर. मंदिराच्या सात पायऱ्या. मी म्हणते, "पायरी." डोळे नुकतेच गेले तेव्हाही, सायकलच्या दिवसांतही, मी पायरी म्हटलं की हे बिनधास्त पाय टाकायचे. आता आधी चपलेचं टोक पुढं सरकवतात, दगडाला लावतात, इकडून तिकडं फिरवून बघतात. दगड आहे अशी खात्री झाली की मग वजन देतात.

मी घाई करत नाही. ह्यांचा पाय पुरता टेकू देते, आणि मग पुढची पायरी सांगते.